कळमन्याचं बारदान आणि थंडीतली बाग

नागपूरच्या पूर्वेला कळमन्याच्या बाजारात दसरा-दिवाळीच्या सुमारास संत्र्याचे ढीग लागू लागतात. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागांतला आंबिया बहाराचा माल गाड्या भरभरून येतो, बोली लागते आणि माल दूरदूरच्या गावांना निघून जातो. मागे उरतात पेट्यांच्या मोडक्या फळ्या, विस्कटलेलं तणस, फाटकी पोती, सुतळीची भेंडोळी, बूड गेलेली टोपली. व्यापाऱ्याच्या भाषेत हे बारदान. त्यातलं धड असेल ते पुन्हा विकलं जातं, उरलेल्याला कुणी विचारत नाही. पण अंगणात, गच्चीवर किंवा घरामागच्या सांदवाडीत चार कुंड्या मांडायची ज्याला हौस आहे, त्याच्या दृष्टीने हा उत्तम कच्चा माल आहे. शिवाय तो हाती येतो तेही अगदी योग्य वेळी.

योग्य वेळ कशी, हे जरा उलगडून सांगावं लागेल. थंडीतल्या बागकामावरची विलायती पुस्तकं चाळली तर चित्र असं दिसतं: बाहेर बर्फ पडलंय, झाडं निष्पर्ण, करण्यासारखं काही नाही, म्हणून मंडळी घरात बसून कुंड्या रंगवतायत, पक्ष्यांसाठी खोकी ठोकतायत. नागपुरात नेमकं उलटं असतं. इथे थंडी हाच बागेचा भर. शेवंती, झेंडू, डेलिया, पिटुनिया याच दिवसांत फुलतात आणि माळ्याला उसंत नसते. अशा घाईत हातकामाला वेळ काढायचा तो एवढ्याचसाठी, की बागेतल्या वस्तू ज्या पदार्थांतून घडतात त्या सिमेंट, बांबू, तेल, चुना या सगळ्यांना हीच हवा मानवते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा दिवसा साधारण २८-२९ अंशांवर आणि रात्री १२-१३ अंशांवर असतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तर २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर चढला होता. म्हणजे एकाच अंगणात ठेवलेल्या कुंडीने ४४ अंशांची तफावत सोसायची. नागपुरात बागेसाठी काही घडवायचं तर डिसेंबरात घडवावं आणि मे महिना डोळ्यांपुढे ठेवून घडवावं.

सिमेंटपासून सुरुवात करू. सिमेंट वाळून घट्ट होतं, असं पुष्कळांना वाटतं. ते वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून होतं. ही क्रिया पूर्ण होण्याआधीच पाणी उडून गेलं तर वस्तू वरून कोरडी आणि आतून कच्ची राहते. मग केसासारख्या भेगा पडतात, कडा हाताने चोळल्या तरी भुगा निघतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाच्या झळांत नेमकं हेच होतं. काँक्रीटकामाच्या भारतीय मानकांत हवेचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की ‘उष्ण हवामान’ आणि ५ अंशांच्या खाली गेलं की ‘शीत हवामान’ धरून खास काळजी घ्यायला सांगितलेलं आहे. नागपूरची थंडी एखाद-दुसरी रात्र सोडली तर या दोन टोकांच्या मधोमध बसते. क्रिया थोडी सावकाश चालते, पण सावकाश घट्ट झालेलं सिमेंट पुढे जास्त मजबूत ठरतं.

हवा थंड असली तरी कोरडी असते, म्हणून पाणी मारण्यातून सुटका नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा द्यावा, असं भारतीय मानक सांगतं. दुकानात सहज मिळणारी गोणी बहुधा दुसऱ्या प्रकारची, म्हणजे ‘पीपीसी’ असते. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतून निघते तसली राख त्यात १५ ते ३५ टक्के असते. हे सिमेंट सुरुवातीला संथ असतं, पण पाणी मिळत राहिलं तर महिनोन्‌महिने बळ धरत जातं. दोन दिवसांनी कुंडी टणक लागली म्हणून पाणी बंद करणं ही हौशी कारागिरांची सगळ्यात मोठी चूक. इथेही बारदान कामाला येतं: ओलं गोणपाट गुंडाळून ठेवलं की दिवसातून दोनदा शिंपडलेलं पाणी पुरतं.

सिमेंटच्या कुंडीचा आणि संत्र्याच्या झाडाचा संबंध मात्र बराच जुना आहे, आणि तो नागपुरात नव्हे, पॅरिसमध्ये जुळला. जोसेफ मोनिए हा १८२३ साली जन्मलेला फ्रेंच माळी. पॅरिसच्या त्युइलरी बागेतली संत्र्याची झाडं त्याच्या देखभालीत होती. पॅरिसच्या थंडीत संत्र्याचं झाड उघड्यावर जगत नाही. त्यामुळे ती झाडं मोठमोठ्या टबांत लावलेली असत, हिवाळ्यात काचेच्या दालनात न्यायची आणि उन्हाळ्यात पुन्हा बाहेर काढायची. या ने-आणीत लाकडी टब कुजत, मातीचे फुटत. मोनिएने सिमेंटचे टब करून पाहिले, तेही तडकले. मग त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली. १६ जुलै १८६७ रोजी त्याला या कुंड्यांचं पेटंट मिळालं. पुढे त्याच युक्तीवर त्याने नळ, पाण्याच्या टाक्या आणि पूल यांचीही पेटंटं घेतली. फ्रान्समधल्या शाझले इथे १८७५ मध्ये त्याच्या पद्धतीने जवळजवळ १४ मीटर लांबीचा पूल उभा राहिला. लोखंड घातलेल्या काँक्रीटचे इतर जनकही सांगितले जातात आणि त्यांचा दावा खोटा नाही. तरीही आजच्या उंच इमारतींच्या वंशावळीत एका माळ्याची संत्र्याची कुंडी आहे. संत्र्याच्या शहराने ही गोष्ट एव्हाना पाठ करायला हवी होती!

मोनिएची जाळी आज हार्डवेअरच्या दुकानात कोंबडजाळी म्हणून वजनावर मिळते. पण लहान कुंडीला तिचीही गरज नसते, गोणपाट पुरतं. पोतं तागाचंच हवं. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्याला सिमेंट धरत नाही. सरकारी धान्यखरेदीत १९८७ च्या कायद्यामुळे तागाच्या गोण्यांचा वापर टिकून राहिला, म्हणून धान्याच्या बाजाराभोवती तागाचं जुनं पोतं अजून दुर्मीळ झालेलं नाही. ते धुऊन धूळ काढायची, नाहीतर सिमेंट पापुद्र्यासारखं सुटतं. एक भाग सिमेंट, एक भाग चाळलेली बारीक रेती आणि भज्याच्या पिठाइतपत दाट होईल एवढं पाणी. ओलं पोतं त्यात बुडवून, पिळून, उपड्या बादलीवर किंवा घमेल्यावर पांघरायचं. मध्ये प्लास्टिकचा कागद हवाच, नाहीतर बादलीही कुंडीबरोबर कायमची अडकते. पोत्याच्या ज्या चुण्या पडतील त्याच कुंडीची नक्षी होतात. दुसऱ्या दिवशी वरून ब्रशने आणखी एक थर, तिसऱ्या दिवशी आणखी एक. तळाला भोक पाडायचं ते ओलं असतानाच, पाइपचा तुकडा उभा रोवून. सिमेंटच्या क्षारात तागाचे धागे काही वर्षांनी कमकुवत होतात, तोवर बाहेरचं कवच स्वतःच्या बळावर उभं राहिलेलं असतं. तरी या कुंडीकडून फार मोठ्या झाडाची अपेक्षा धरू नये.

गच्चीवर ठेवायचं असेल तर वजनाचा प्रश्न येतो. त्यावरचा उपाय इंग्लंडमधल्या बागकाम्यांनी शोधला. डोंगरी फुलझाडं लावण्यासाठी तिकडे जुन्या दगडी डोण्यांना मागणी फार आणि डोण्या कमी. म्हणून विसाव्या शतकात सिमेंटमध्ये पीट म्हणजे दलदलीतली कुजकी माती मिसळून नकली दगड करायची पद्धत पडली. तिला ‘हायपरटुफा’ म्हणतात. आपल्याकडे पीटची जागा नारळाच्या भुशाने, कोकोपीटने घेता येते. सिमेंट एक भाग, रेती एक भाग, भिजवून पिळलेला कोकोपीट दोन भाग असं मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा राहिला आणि बोटांतून पाण्याचा एखादाच थेंब निघाला की जमलं. ते बुरुडाच्या जुन्या टोपल्यात आतल्या बाजूने बोट-दीड बोट जाडीने थापायचं. टोपलं मोडकं असेल तर चांगलंच, नंतर ते सोलून काढता येतं आणि विणीचा ठसा कुंडीच्या अंगावर उमटून राहतो. दोन दिवसांनी तारेच्या ब्रशने घासलं की कुंडी जुन्या दगडासारखी दिसते.

एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. नवं सिमेंट अतिशय क्षारीय असतं. उघड्या हातांनी कालवलं तर कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे लागतात. कुंडीतही हा क्षार पाण्यावाटे मातीत उतरतो. त्यामुळे कुंडी तयार झाल्यावर दोन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावी, पाणी अधूनमधून बदलावं आणि मगच झाड लावावं. कोरफडीसारखी झाडं थोडं सहन करतात. मोगरा, गुलाब आणि खुद्द संत्र्याचं रोप पिवळं पडून निषेध नोंदवतं.

बांबूचं गणित वेगळं, पण तेही थंडीशीच बांधलेलं. विदर्भातल्या जंगलांत मानवेल जातीचा बांबू विपुल आणि तो बऱ्यापैकी भरीव, म्हणून वेलींच्या मांडवाला आणि ताटव्याला उत्तम. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब वर येतात, त्यांना पोसण्यासाठी बांबूत पिष्ट साठलेलं असतं आणि घुणाचा भुंगा नेमक्या त्या पिष्टावर टपलेला असतो. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्ट आणि ओलावा दोन्ही कमी, म्हणून तो कमी पोखरला जातो. जुने लोक तोडलेले बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत, त्यामागचं कारणही हेच: पिष्ट धुऊन निघतं. आता बोरॅक्स म्हणजे टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांच्या पाण्यात भिजवण्याची पद्धत रूढ आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीत बांबूच्या कामाचं रीतसर शिक्षण देणारं सरकारी केंद्र आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडणं आणि विकणंही सोपं झालं.

मांडव उभारताना बांबू सरळ मातीत रोवला की वाळवीला आणि कुजीला आमंत्रण मिळतं. जमिनीत लोखंडी पाइपचा हातभर तुकडा गाडून त्यात बांबूचं बूड बसवलं तर तोच मांडव पुढची काही वर्षं टिकतो. थंडीत यावर वालाची वेल चढवायची आणि मार्चमध्ये वेल उतरली की त्याच सांगाड्यावर हिरवी जाळी ताणायची. नागपुरात उन्हाळ्यात सावलीची जाळी नसेल तर गच्चीवरची बाग जून पाहत नाही, त्यामुळे शोभेचा मांडव आणि गरजेचा मांडव वेगळे करण्याचं कारण नाही.

संत्र्याच्या पेटीचं लाकूड बहुधा हलकं, मऊ, पातळ चिरलेलं असतं. तेच खोकं तसंच माती भरून अंगणात ठेवलं तर एक पावसाळा काढतं आणि बसतं. त्यावर तेल चढवायचं तर ते जवसाचं. जवस हे विदर्भाच्या ओळखीचं पीक. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागपूर केंद्रात त्यावर संशोधन चालतं आणि ‘एनएल ९७’ ही जात तिथलीच. जवसाच्या तेलाचा गुण असा, की हवेतला ऑक्सिजन घेऊन ते लाकडाच्या रंध्रांत घट्ट होतं. थंडीत ते सावकाश सुकतं, म्हणून पातळ हात द्यावा आणि दोन हातांत काही दिवस जाऊ द्यावेत. मात्र तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. सुकताना तिच्यात उष्णता साठते आणि ती आपोआप पेटू शकते. चिंधी पाण्यात बुडवून मग टाकावी.

भंगारवाल्याकडे मोठे लाकडी पॅलेटही मिळतात. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि शेजारी इंग्रजी अक्षरं डागलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवून कीडमुक्त केलेलं; ते खुशाल घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. त्यात मेथी-पालक लावू नये.

आता कवेलू, म्हणजे कौलं. विदर्भातली जुनी घरं पडून स्लॅबची घरं होतायत आणि देशी कवेलू ढिगाने बाहेर पडतायत. कुंभाराने चाकावर निमुळता नळा काढायचा आणि तो उभा चिरून दोन कवेलू करायचे, ही त्याची जुनी रीत. त्यामुळे दोन कवेलू सारखे कधीच नसतात. वाफ्याला कड म्हणून ते अर्धे मातीत रोवले तर बाजारातली कोणतीही प्लास्टिकची कड त्यांच्यापुढे फिकी दिसते. फुटलेले तुकडे कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवायला कामी येतात. चुन्याची सफेदी द्यायची असेल तर तीही थंडीतच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो. भर उन्हात तो घाईने सुकला की हाताला पांढरा लागत राहतो.

मातीच्या कुंडीवर ऑइल पेंट मारण्याची हौस मात्र आवरायला हवी. भाजल्या मातीच्या भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर उडून जातं आणि आतली मुळं थंड राहतात. ऑइल पेंटने ही रंध्रं बंद होतात. मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेली ती चकचकीत कुंडी झाडाला शिजवते. गेरूने हे होत नाही, कारण तो पाणी अडवत नाही. आपल्या आज्यांना रंगाच्या डब्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, हे कुंड्यांच्या पथ्यावर पडलं म्हणायचं.

रंध्रांचा हाच गुण झाडांना पाणी पाजायलाही वापरता येतो. न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. भोवतालची माती कोरडी पडली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली झाली की ओढ थांबते. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शेंगझी याच्या शेतीवरच्या ग्रंथात खरबुजासाठी ही रीत सांगितलेली आहे. मडकं पुरायचं ते रोप लावतानाच, मोठ्या झाडाची मुळं तोडून नव्हे. त्यामुळे हेही काम उन्हाळ्याआधीच उरकावं लागतं.

टाकाऊतून बाग म्हटलं की नेकचंद यांचं नाव घ्यावंच लागतं. फाळणीनंतर भारतात आलेले हे गृहस्थ चंदीगडमध्ये बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नवं शहर वसवण्यासाठी जी गावं उठली, त्यांचा मलबा सायकलवरून गोळा करून १९५०च्या दशकाअखेरीपासून ते सरकारी राखीव जंगलात चोरून बाग उभारत होते. फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेचे चिनी मातीचे भाग यांतून माणसं, प्राणी, पक्षी. अधिकाऱ्यांना पत्ता लागला तोवर तिथे अख्खं राज्य उभं होतं. ते बेकायदा होतं, तरी पाडलं गेलं नाही. १९७६ मध्ये ते ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांना खुलं झालं आणि १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते वारले. त्यांच्या पुतळ्यांत सिमेंट आणि फुटक्या वस्तू यांच्यापलीकडे महाग असं काही नाही.

नेकचंद यांचं नाव घेऊन वाटेल ते भंगार बागेत आणावं असं मात्र नाही. रंगवलेले जुने टायर सध्या फार दिसतात. टायरच्या आतल्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं, ते कलंडून ओतता येत नाही आणि डेंग्यूचा डास नेमक्या अशा जागी अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. टायर वापरायचाच असेल तर आधी त्याला भोकं पाडावीत. रसायनांची पिंपं कितीही धुतली तरी भाजीला नकोत.

उरल्यासुरल्या पेट्यांतून चिमण्यांसाठी घरटं करता येतं, आणि ते फेब्रुवारीआधी टांगलेलं बरं, कारण नंतर चिमण्यांची जागेसाठी शोधाशोध सुरू होते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ने चिमण्यांच्या प्रश्नाला वाचा फोडली आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जाऊ लागला. प्रवेशाचं भोक ३२ मिलिमीटर व्यासाचं ठेवावं: चिमणी शिरते, साळुंकी शिरत नाही. भोकाखाली बसायला काडी लावू नये, तिचा फायदा चिमणीपेक्षा शिकाऱ्याला होतो. आतून रंग नको, तेलही नको. कळमन्याच्या पेटीची फळी पातळ असते, ती नागपूरच्या उन्हात तापते आणि पिल्लं आत होरपळतात. म्हणून छत दुहेरी करावं, दोन फळ्यांत बोटभर जागा सोडून तीत पेटीतलंच तणस भरावं, आणि घरटं वळचणीखाली, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून, माणसाच्या डोक्याच्या बरंच वर अडकवावं.